तिसऱ्यांदा विचारण्यास मनाई

आल्मेंद्रोस हे गाव पोहोचण्यास कठीण आहे, असं जिल्हा कचेरीने ठरवलं. कॅलिफोर्नियातला हमरस्ता या गावाला अगदी खेटून जातो, बस दिवसभर ये-जा करते, आणि पीच उतरवायच्या दिवसांत मुकादमांना इथला एकेक मेक्सिकन माणूस भल्या पहाटेच्या अंधारातही बरोब्बर सापडतो. पण ते वेगळं. मनाच्या आजारांच्या बाबतीत मात्र हा समाज पोहोचण्यास कठीण होता, आणि कचेरीनेच ठरवलंय म्हटल्यावर गावानेही वाद घातला नाही. मुख्य रस्त्यावरच्या जुन्या टायरच्या दुकानात 'मनापर्यंत' नावाची योजना सुरू झाली. फीत कापली गेली, फोटो निघाले आणि फोटोंपुरते गिटारवालेही आले.

दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधीच ओतिलिया तिथे जाऊन उभी राहिली. ती पीचच्या पॅकिंग शेडमध्ये कामाला, नवरा फिदेन्सियो बागेत. वसंतात फिदेन्सियोची आई मेक्सिकोत, गावी वारली. तो पडला बिनकागदाचा माणूस. एकदा सीमेपलीकडे गेला की परत यायची सोय नाही. आईचा दफनविधी त्याने फोनवर पाहिला, तोही अडकत अडकत. तेव्हापासून कामावरून आला की रात्र होईपर्यंत तो घरातच येईना. दारासमोर पिकअपमध्ये बसून राही. हल्ली तर पिकअप दारासमोरही नसे, कालव्याच्या काठावर असे. ओतिलियाला त्या कालव्याची भीती वाटायला लागली होती. रात्री ती कूस बदलायची तेसुद्धा तो शेजारी आहे ना, हे चाचपून.

"माझ्या नवऱ्याशी कुणीतरी बोला हो," ती म्हणाली.

योजनेच्या प्रमुख श्रीमती हॅलोरन भल्या बाई होत्या. समाजाशी जवळीक साधावी म्हणून त्यांनी कानात लाल मिरच्यांचे डूल घातले होते.

"पण तुम्ही इथे आलात कशा?" त्यांनी विचारलं.

"चालत."

"म्हणजे स्वतःहून?"

"मग काय, वरात काढून येऊ?"

श्रीमती हॅलोरन हळहळल्या. "हीच तर अडचण आहे. ही योजना पोहोचण्यास कठीण असलेल्या व्यक्तींसाठी आहे. तुम्ही तर पोहोचलात. असं करा, तुम्ही घरी जा. आम्ही तुमच्यापर्यंत येतो."

ओतिलिया घरी गेली. योजना खरोखरच तिच्यापर्यंत आली, पण सकाळी, म्हणजे ती शेडमध्ये असताना. दाराच्या मुठीला रबराचा एक अवोकाडो लटकवलेला सापडला. त्यावर लिहिलं होतं, 'तणाव आला की दाबा.' पुढच्या आठवड्यात दुसरा आला, मग तिसरा. ते सगळे कुत्र्याने फस्त केले. कुत्रा तेवढा शांत झाला.

"अगं वेडे, बाहेर उभं राहून काय मिळणार?" शेजारच्या दोन्या चेलो, म्हणजे चेलोबाई, म्हणाल्या. "आत शीर. नोकरीच माग त्यांच्याकडे."

नोकरी लगेच मिळाली, कारण योजनेला समाजातलीच माणसं हवी होती. शेड सुटल्यावर ओतिलिया सूर्यफुलाचं चित्र असलेला निळा टीशर्ट घालून दारोदार जाऊ लागली. काम सोपं होतं. 'तुम्ही कसे आहात?' असं प्रत्येकाला एकदाच विचारायचं. उत्तराचा आदर राखायचा. दुसऱ्यांदा विचारणं हा दबाव, आणि तिसऱ्यांदा विचारणं म्हणजे छळ.

"मॅडम, आमच्यात असं चालत नाही," ओतिलिया प्रशिक्षणात म्हणाली. "आमच्याकडे पाहुणा साधा मक्याच्या पिठाचा तमालसुद्धा पहिल्यांदा विचारलं की घेत नाही. नको म्हणतो. दुसऱ्यांदा पोट भरलंय म्हणतो. तिसऱ्यांदा विचारलं की मग ताट पुढे करतो. भूक लागलेली असते हो त्याला."

"म्हणजे तुम्ही माणसांना त्यांच्या इच्छेविरुद्ध जेवायला घालता?"

"घालतो की. म्हणून तर जगलो."

श्रीमती हॅलोरन गंभीर झाल्या. मेक्सिकन समाजाच्या भावना समजून घेण्याचा एक खास वर्ग असतो, त्याला त्यांनी ओतिलियाला दोन शनिवार बसवलं.

मग ओतिलिया नियमाने विचारू लागली. पहिल्याच दिवशी तिने दोन्या चेलोंचं दार वाजवलं. चेलोंच्या मुलाला सरकारने देशाबाहेर पाठवल्यापासून त्यांनी त्याची खोली उघडली नव्हती.

"कशा आहात?"

"ठीक, देवाची कृपा. तू?"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. चेलो पुढच्या प्रश्नाची वाट पाहत होत्या. ओतिलियाने मान खाली घातली आणि पुढच्या दारी गेली. तिथेही ठीक, त्यापुढेही देवाची कृपा. सगळा गाव ठणठणीत निघाला. योजनेकडे स्पॅनिश बोलणारा एकच मानसोपचारतज्ज्ञ होता. एवढ्या सुखी गावात त्याला ठेवून करायचं काय, म्हणून त्याची जागा रद्द झाली आणि तेवढ्या पगारात आणखी दारोदार फिरणाऱ्या बायका नेमल्या गेल्या.

"तो जायच्या आधी एकदा तरी माझ्या नवऱ्याला भेटू द्या," ओतिलिया काकुळतीला आली.

"आता तुम्ही आमच्या कर्मचारी," श्रीमती हॅलोरन म्हणाल्या. "घरच्या माणसाला लाभ दिला तर लोक काय म्हणतील? आणि तुम्हीही त्यांना काही विचारू नका हं. नियम घरातही लागू आहे."

पण योजना फिदेन्सियोला अगदीच विसरली होती असं नाही. कालव्याकाठी पिकअपमध्ये, स्टिअरिंगवर हात टाकून बसलेला एक माणूस योजनेच्या फोटोग्राफरला दिसला. फोटो फार हृदयस्पर्शी आला. महिनाभरात तो हमरस्त्यावरच्या फलकावर घराएवढा झळकला, आणि खाली 'तुम्ही एकटे नाही' असं लिहिलेलं होतं. जो माणूस इतकी वर्षं पोलिसाची गाडी दिसली की टोपी पुढे ओढत होता, त्याला आता येणारीजाणारी प्रत्येक गाडी तोंडावरून ओळखू लागली. तो टोपी न काढताच जेवू लागला.

वार्षिक सोहळ्याला फलकावरचा माणूस म्हणून त्याला सन्मानाने स्टेजवर बसवलं. श्रीमती हॅलोरननी माइक पुढे धरला.

"फिदेन्सियो, कसे आहात?"

"ठीक, देवाची कृपा. आपण?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. श्रीमती हॅलोरनचे डोळे भरून आले.

घरी परतताना पिकअप आपोआप कालव्याकडे वळली आणि काठावर थांबली. ओतिलियाने निळा टीशर्ट काढून सीटमागे टाकला. आत तिचा साधा ब्लाउज होता.

"कसा आहेस रे म्हाताऱ्या?"

"ऐकलंस ना स्टेजवर? ठीक."

"नाही, खरं सांग."

"काय धाड भरलीय मला? दमलोय, बास."

पाणी संथ वाहत होतं. ओतिलियाने गाडीची किल्ली काढून मुठीत घट्ट धरली.

"फिदेन्सियो. कसा आहेस?"

मग त्याने टोपी काढली. "मूठभर माती टाकायची होती गं," तो म्हणाला, "तेवढ्यात फोन अडकला. पुन्हा लागला तेव्हा सगळे घरी चालले होते." आणि एवढा थोरला माणूस तिच्या खांद्यावर लहान पोरासारखा हमसून रडला. त्या दिवशी तो तिच्या बरोबरीने घरात आला आणि जेवला.

दुसऱ्या दिवशी ओतिलियाने स्वतःच सांगून टाकलं, की तीनदा विचारलं. नाइलाजाने तिला काढावं लागलं. "एक बरं झालं," श्रीमती हॅलोरन समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "आता तुम्ही कर्मचारी नाही, म्हणजे तुमचे यजमान तज्ज्ञाला भेटायला पात्र ठरले. फक्त तज्ज्ञ उरलेला नाही." ओतिलिया तिथून निघाली ती थेट दोन्या चेलोंच्या दारी. तिथे ती खूप वेळ बसली.

काय तरी ती योजना आणि काय तो नियम, असं म्हणून तुम्ही हसाल. हसा की. त्यांच्याकडे तो लिहून ठेवलाय, एवढंच. आज जिन्यात शेजारी दिसला, तुम्ही 'कसं काय?' म्हणालात, तो 'मजेत' म्हणाला, आणि तुम्ही किल्ली काढून घरात शिरलात. तो मात्र घरी न जाता तिथेच उभा होता.