घोड्याच्या खुराखालचं अक्षर

ईरा आणि निखिल,

पुढच्या महिन्यात माझ्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढणार आहेत. त्याआधी उरकायच्या कामांची मी यादी केली. विम्याचे कागद झाले, लोणच्याच्या बरण्या झाल्या, तिसरं काम हे पत्र. मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, की खालच्या मजल्यावरचे आजोबा आम्हाला 'सीची मुलं' का म्हणतात? फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. म्हणून लिहिते.

इथे चेन्नईत, आमच्या वेस्ट मांबलमच्या इमारतीत तळमजल्यावर भुजंगराव राहतात. लग्नाच्या पंगतीत बसलेल्या अनोळखी बाईच्या गळ्यापाशी भिंग घेऊन वाकणारा दुसरा सभ्य गृहस्थ मी पाहिलेला नाही. इथल्या जुन्या घरांतल्या बायका नाण्यांची माळ घालतात, तिला काशुमालै म्हणतात. त्यात कधीकधी इंग्रजांच्या वेळची सोन्याची नाणी असतात. एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसून सर्प मारणारा वीर. ती दिसली की भुजंगरावांचा भातावरचा हात थांबतो. मैलापूरच्या एका लग्नात एका मामींनी रसमाचा घोट घेता घेता खाली पाहिलं, तर हनुवटीखाली यांचं टक्कल. मामींचा मुलगा धावून आला. भुजंगरावांनी त्याला शांतपणे सांगितलं, की तुमच्या आईचा घोडा मेलबर्नचा आहे, सांभाळा. आणि ते पायसमकडे वळले.

त्याचं असं आहे. हे नाणं लंडनला पाडलं जाई, तसंच इंग्रजांच्या वसाहतींतल्या टांकसाळींतही. वसाहतीतलं असेल तर घोड्याच्या मागच्या खुराखाली, जमिनीच्या पट्टीवर, तिळाहून लहान असं इंग्रजी अक्षर असतं. सिडनीचं एस, मेलबर्नचं एम, पर्थचं पी, कॅनडाचं सी, दक्षिण आफ्रिकेचं एसए. आणि मुंबईचं आय, म्हणजे इंडिया. मुंबईत ही नाणी एकाच वर्षी पाडली, १९१८ साली. लंडनच्या नाण्यावर काहीच नसतं. त्याला भुजंगराव 'मुका घोडा' म्हणतात.

जगाचा भूगोल त्यांनी या अक्षरांवर बसवलेला आहे. तुमच्या बाबाला कॅनडात नोकरी लागली तेव्हा ते मैसूरपाक घेऊन वर आले आणि म्हणाले, "वैनी, मुलगा सीमध्ये गेला." शेजारच्या सुब्रमण्यमांचा मुलगा अमेरिकेला गेला तेव्हा मात्र नुसती मान हलवली. तिथे आपली टांकसाळ नव्हती म्हणे.

त्यांची मराठी ऐकायला तुम्हाला गंमत वाटेल. त्यांचे पूर्वज राजांबरोबर तंजावरला आले, ते तिथलेच झाले. आपण 'सगळे' म्हणतो तिथे ते 'अस्के' म्हणतात. मी सातारची, म्हणून माझी मराठी नवी आणि तिकडे राहून बिघडलेली, असं त्यांचं प्रामाणिक मत आहे.

त्यांच्याकडे नाणी पाच. एस, एम, पी, आय आणि एक मुका. सी आणि एसए मिळाले नाहीत, परवडलेही नसते. पाचही नाणी कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डब्यांत, कापसात. डब्यांवर मोडी लिपीत चिठ्ठ्या, म्हणजे चोराला कळू नये. चोराचं माहीत नाही, पण अंबुजाबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, तीस वर्षांत एकही चिठ्ठी वाचता आली नाही. त्यांना गरजही नव्हती. चेन्नईत सोनं अजूनही या नाण्याच्या मापानं मोजतात, एक सवरन म्हणजे आठ ग्रॅम. भुजंगराव खुराबद्दल बोलू लागले, की अंबुजाबाई आतून म्हणायच्या, "आठ ग्रॅम." ते टांकसाळीचं नाव घ्यायचे, त्या म्हणायच्या, "आठ ग्रॅम." असा तो संसार.

खरी गोष्ट आता येते. त्यांच्या मुलीची मुलगी वैदेही. आईवडील तांबरमला, ही दर रविवारी लोकलनं आजोबांकडे. भुजंगरावांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की त्यांना एकदम रक्तदाब, पंचांग, उन्हाळा असं काहीतरी आठवायचं. त्यामुळे अक्षरं वाचायचं काम वैदेहीचं. जेवण झालं की दोघं खिडकीखाली चटईवर बसत. आजोबांना ती ताता म्हणे. ती भिंगातून पाहून सांगे, "पी, ताता." ते म्हणत, "नीट बघ." ती म्हणे, "मागच्या आठवड्यातही पीच होता." पाच नाण्यांना दोन तास लागत.

तिला दोन स्थळं आली. एक न्यू जर्सी, एक पर्थ. मुलगे कसे आहेत हे विचारायच्या आतच भुजंगरावांनी पर्थला मत देऊन टाकलं. "पीची टांकसाळ उत्तम," एवढंच त्यांचं म्हणणं. वैदेहीलाही तोच मुलगा आवडला, हे नशीब. लग्न ठरलं, आणि मग एके दिवशी त्यांनी मला नकाशा मागितला. बराच वेळ बोटानं चेन्नईपासून पर्थपर्यंत समुद्र मोजत बसले.

त्यांच्या घरची रीत अशी, की मुलीच्या मंगळसूत्राचं सोनं बाजारातलं नको, घरातलंच हवं, आणि ते मुहूर्तावर सोनारासमोर बसून वितळवायचं. घरात सुटं सोनं म्हणजे ते पाच घोडे. भुजंगराव म्हणाले, एकही देणार नाही. अंबुजाबाईंनी त्या दिवसापासून त्यांच्या कॉफीत साखर घालणं बंद केलं. चौथ्या दिवशी ते मुका घोडा द्यायला तयार झाले.

मुहूर्त साडेदहाचा होता. सकाळी नऊ वाजताच भुजंगराव हळदीच्या फडक्यात नाणं बांधून मैलापूरला गेले. साडेनऊला अंबुजाबाई माझ्या दारात. पाचही डबे पदरात.

"वैनी, म्हाताऱ्यानं लबाडी करून, मुका घरीच ठेवून, बाहेरून अर्धा सवरन तर नाही नेला? बघा जरा."

मी टेबलाचा दिवा लावला, भिंग घेतलं आणि एकेक डबा उघडला. एस. एम. पी. चौथ्यात मुका घोडा, जागच्या जागी. पाचवा डबा रिकामा. आयचा.

माझा चेहरा पाहून त्यांना कळलं. "डोळे," त्या म्हणाल्या. "त्या डोळ्यांनी त्यांना काय दिसणार!" ज्या बाईनं तीस वर्षं आठ ग्रॅमखेरीज शब्द काढला नव्हता, ती घरातल्या चपलांवर जिना उतरली. मुका घोडा मुठीत, मी मागे. भुजंगराव मोबाइल वापरत नाहीत. ऑटोवाल्यानं मीटर टाकायला नकार दिला, तर अंबुजाबाईंनी त्याला तमिळमध्ये एवढंच सांगितलं, की माझा नवरा घोडा जाळायला निघालाय. पुढे तो एकही शब्द बोलला नाही आणि त्यानं दोन सिग्नल पाहिले नाहीत. मी शिस्तीची बाई, पण त्या दिवशी मीही पाहिले नाहीत.

देवळाच्या तळ्यामागच्या बोळात सोनाराची दोन खणांची खोली. आम्ही पोचलो तेव्हा दहा पंचवीस. शेगडी लाल झालेली. आसारी, म्हणजे इकडचा सोनार, घड्याळाकडे पाहत बसलेला. शेजारी मातीच्या मुशीत नाणं. समोर पाटावर भुजंगराव, स्वच्छ वेष्टी नेसलेले, कपाळाला गंध.

"थांब, ते काढ," अंबुजाबाई आसारीला तमिळमध्ये म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "डबी चुकली तुमची. हा मुंबईचा आहे."

"चुकली नाही," भुजंगराव म्हणाले. "परवा वैदेहीकडूनच अक्षर वाचवून वेगळा काढून घेतला. तिला कशासाठी तें सांगितलं नाही."

आसारीला मराठी येत नाही, पण त्यानं चिमटा खाली ठेवला.

"पोरीच्या गळ्यात लंडनचं सोनं कशाला?" ते खाली बघत म्हणाले. "अस्क्यांत हा एकच आपल्या मुलखात पाडलेला. तिकडे ती एकटी. आपल्याकडचं कांहींतरी अंगाला लागून असूं दे."

मला वाटलं, आता अंबुजाबाई पदर डोळ्यांना लावणार. त्यांनी तो कमरेला खोचला.

"वितळल्यावर अक्षर राहणार आहे का? तीस वर्षं मी आठ ग्रॅम म्हणते आणि तुम्ही नाही म्हणता. हा वितळवलात की माझंच खरं झालं. मला नको तें." आणि त्यांनी मूठ उघडून मुका घोडा पुढे केला. "घरातलं सोनं पाहिजे, तें हेंही आहे."

भुजंगरावांनी नाणं घेतलं, उजेडाकडे धरलं, डोळे बारीक केले. मग ते माझ्यापुढे केलं. "वैनी, आधी खूर बघा." मी आसारीच्या भिंगातून पाहिलं. काही नव्हतं. तसं सांगितलं. ते आसारीला तमिळमध्ये म्हणाले, "शरि," म्हणजे ठीक, "घाल." घड्याळात साडेदहाला एक मिनिट होतं.

त्यानंतर आम्ही तिघांनी कोपऱ्यावर कॉफी घेतली. भुजंगरावांच्या कॉफीत अंबुजाबाईंनी स्वतः दोन चमचे साखर घातली. परतीच्या ऑटोत मीटर चालू होतं आणि सगळे सिग्नल पाळले. मुंबईचा घोडा भुजंगरावांच्या मुठीत. अंबुजाबाईंनी पुन्हा ऑपरेशनचा विषय काढला, आणि मी रक्तदाबाची वाट पाहू लागले.

"आता करायचंच," ते म्हणाले. "वाचून दाखवणारी चालली." मग बाहेर बघत म्हणाले, "डॉक्टर तीन वर्षांमागेंच सांगत होता. पण डोळे बरे झाले असते तर रविवारी येऊन पोरगी काय वाचणार होती?"

अंबुजाबाई काही बोलल्या नाहीत. आठ ग्रॅमही नाही.

लग्न छान झालं. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनंही झाली. मला भीती वाटते म्हटलं, तर भुजंगराव काल वर येऊन सांगून गेले, की दहा मिनिटांचं काम आहे, तीन वर्षं थांबवण्यासारखं त्यात काही नाही.

वैदेही पर्थला आहे आणि रविवारी फोन करते. मुक्या घोड्याचं मंगळसूत्र तिच्या गळ्यात आहे. त्याचा डबा रिकामा आहे, चिठ्ठी तशीच आहे. बाकीचे चार घोडे तळमजल्यावर आहेत. मुंबईचा मी आज सकाळीच पाहिला. मागच्या खुराखाली आय आहे.

तुमची,
आजी