खकाण्याची परीक्षा

माणूस हालांतून घडतो, ही गोष्ट आता सर्वमान्य आहे. प्रश्न उरतो तो एवढाच, की हाल आणायचे कुठून?

हसू नका रे. लवू, कुशाबा, तुम्ही दोघं दोन महिने गावाला आंबे खात बसला होतात म्हणून तुम्हाला पत्ता नाही. ह्या दोन महिन्यांत भोईवाड्याच्या आपल्या चाळीनं एक नेता तयार केला. एकच, पण पक्का, प्रमाणपत्रासकट. आणि मी त्या वर्गाचा चिटणीस, म्हणजे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं (डोळे उघडत होते तोवर). चहा मागव, सांगतो.

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी आपण जिन्यावर संयुक्त महाराष्ट्राचा नवा मोठा फलक लावला. मालकाचा मेहताजी, तो भाडं गोळा करायला येतो तो, म्हणाला काढा. आपण म्हणालो नाही काढत. त्यानं काय केलं, मागच्या नळाभोवती लोखंडी पेटी बसवली आणि तिला हे एवढं कुलूप ठोकलं. आता पुढच्या नळाला पाणी सकाळी तासभर, मागच्याला दिवसभर, आणि मागचाच बंद. खोल्या चाळीस. बादल्या किती ते तुम्हाला ठाऊक.

सगळ्यात वांधा झाला तळमजल्यावरच्या सुंदराबाईचा. तिच्या खानावळीत जेवणारे बत्तीस, तुम्ही दोघं वगळून. पाणी नाही तर भात नाही. पहिल्या आठवड्यात तिची सहा माणसं करी रोडच्या खानावळीत गेली, दुसऱ्या आठवड्यात आणखी पाच. मग सभा भरली. सुंदराबाई पदर खोचून उभी राहिली नि म्हणाली, "चार जण जावा, त्या कुलपाचा काय ता बघा. माझी चूल थंड पडली."

एवढं सोपं असतं तर काय हवं होतं! चिंतामणी मास्तर उठले. म्हणाले, "बाई, चार जण जातील. पण नेतृत्व कोण करणार?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. बरोबरच आहे ना? नेत्याशिवाय चार माणसं गेली तर ती नुसती चार माणसं.

आता मास्तरांचा अधिकार सांगतो. गेल्या साली गडबडीत पोलिसांनी त्यांना मोर्च्यातून उचललं, गाडीत घातलं, आणि तुरुंगात जागा नव्हती म्हणून अँटॉप हिलला नेऊन सोडून दिलं. तिथून ते भोईवाड्यापर्यंत पायी आले. अंतर दोनेक मैल. पण त्या दोन मैलांत त्यांना माणूस कसा घडतो ह्याचं संपूर्ण दर्शन झालं, आणि तेव्हापासून ते बोलताना मध्येच थांबून दूर बघतात. त्यांनी तिथल्या तिथं 'नेतृत्व व सोशिकता वर्ग' काढला. वर्गातून नेता निघेल, नेता मेहताजीकडं जाईल, नळ सुटेल. सगळं क्रमानं.

नियमावली मी लिहिली, सुवाच्य. कलम पहिलं: 'रोजचे हाल हे हाल धरले जाणार नाहीत.' म्हणजे बघ, गिरणीत आठ-आठ तास उभं राहणं, एका खोलीत अकरा माणसं, बदलीचा बिल्ला घेऊन काम न मिळता गेटवरून परत येणं, हे सगळं बाद. ह्यातून माणूस घडत असता तर आतापर्यंत गिरणगावात दोन लाख नेते झाले असते, मग मागं चालायला कोण उरलं असतं?

शिक्षक मिळवताना जरा त्रास झाला. पहिल्या मजल्यावरच्या राजारामच्या मांडीत गेल्या साली खरी गोळी लागलीय, म्हणून आधी त्याच्याकडं गेलो. तो म्हणाला, "अरे, मी काय केलं नाही. दूध आणायला गेलो होतो." अनुभव अनवधानानं आला असल्यामुळं तो ग्राह्य धरला नाही. मग शेजारच्या चाळीतला बुधाजी फिटर. मी म्हटलं, "बुधाजी, आमच्या वर्गापुढं बोल, विषय पाणी." त्यानं हातातला पाना खाली ठेवला. म्हणाला, "पाण्यावर? माझा बाप महाडला तळ्यावर गेला होता रे. त्यानं आधी वर्ग नव्हता केला. तुमचं कुलूप कुठंय ते दाखव." आता असा माणूस वर्गात काय शिकवणार? दोन मिनिटांत वर्गच संपवून टाकेल. त्याचे आभार मानले आणि निघालो.

शेवटी मास्तरांनीच सगळे विषय घेतले. पहिला आठवडा उपवास, दुपारचं जेवण ते चारचा चहा. दुसरा आठवडा लाठी, म्हणजे गुंडाळलेली चटई, आणि जयवंतसाठी त्याच्या विनंतीवरून उशी. शिवाय जिन्याखालच्या कोळशाच्या खोलीत दहा मिनिटं अंधारकोठडी (बॅटरी आपापली आणावी). तिसऱ्या आठवड्यात नेत्याचं वागणं: प्रश्न आला की लगेच उत्तर द्यायचं नाही, नजर जमिनीवर ठेवायची आणि चेहऱ्यावर विचार आणायचा. हा धडा फार अवघड, सगळ्यांनी घरून सराव करून आणला.

नावं सतरा जणांनी दिली, टिकले अकरा. त्यांची मी लेखी पाहणी केली. शेकडा ब्याऐंशी जणांना आपण आधीपेक्षा कणखर झालो असं वाटलं. उरलेल्या शेकडा अठरांची (म्हणजे धोंडू आणि त्याचा भाऊ) पाठ धरली होती.

ह्या सगळ्यात उठून दिसला तो जयवंत. दुसऱ्या मजल्यावरचा, गिरणीच्या टाइम-ऑफिसातला. केस मागं वळवलेले, आवाज असा की 'जरा सरकता का' म्हणाला तरी लोकांना वाटतं घोषणा दिली. मास्तर त्याला 'आपले भावी' म्हणायचे. भावी काय, ते म्हणायचे नाहीत.

आणि सुंदराबाई? ती रोज पुढच्या नळावर हंडे लावून उभी. मिळेल तेवढ्यात रांधायची, एकवीस माणसांना वाढायची. आम्ही वर्गाला निघालो की विचारायची, "काय रे मेल्यांनू, आंबो पिकलो, फणस पिकलो, तुमचो पुढारी कधी पिकतलो?"

मी सांगायचो, "बाई, चौथा आठवडा आहे. अश्रुधूर बाकी आहे."

तीच मोठी परीक्षा. पण अश्रुधूर आणायचा कुठून? सरकार देतं, पण आपल्या सोयीच्या वेळी देत नाही. मग मास्तरांच्या लक्षात आलं, की रविवारी सुंदराबाई वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या भाजणार. पाच शेर. खिडकी एकच, ती पण भिंतीला तोंड करून. असा खकाणा सरकारलासुद्धा जमायचा नाही. वर्गानं ठराव करून तिच्या धुराला मान्यता दिली. तिला विचारायचं मात्र राहिलं.

रविवारी बारा वाजता आम्ही सात जण (चौघांना आदल्या दिवशी ताप आला) तिच्या दारात रांगेत. ती म्हणाली, "जेवणाक अजून वेळ आसा."

मास्तर म्हणाले, "बाई, आम्ही सोसायला आलोय."

"सोसूक? बसा. दार अडवू नको, माका वारो होयो."

दार मास्तरांनी बाहेरून लोटून घेतलं, नियमाप्रमाणं. मी गजराचं घड्याळ मांडीवर घेऊन आत बसलो. चिटणिसाला सूट नव्हती ना! तिनं कढईत पहिली मूठ टाकली, आणि मित्रा, काय सांगू, नाकातून कोणीतरी सुई ओवून कानातून काढल्यासारखं झालं. धोंडू सात सेकंदांत गेला. त्याचा भाऊ त्याला शोधायला गेला तो आलाच नाही. दोघं दारातच एकमेकांत अडकले. मी पंचावन्न सेकंद, पण त्यातली तीस डोळे मिटून, म्हणजे घड्याळाचा अंदाजच. जयवंत मात्र दोन मिनिटं चाळीस सेकंद! विक्रम! बाहेर आला तो घोषणा देतच. घोषणा कसली होती ते कळलं नाही, मध्ये खोकला फार होता.

सुंदराबाई आत चाळीस मिनिटं होती. ती उमेदवार नसल्यामुळं तिचा वेळ धरला नाही.

बाहेर आलो तर डोळ्यांत निखारे. पाणी पाहिजे! पुढचा नळ सकाळीच गेलेला, घरातले हंडे बायकांनी झाकून ठेवलेले. पळत मागच्या नळावर गेलो तर पेटी, पेटीला कुलूप. सात धट्टेकट्टे पुरुष त्या कुलपापुढं अर्धगोलात उभे राहून ढसाढसा रडतायत, आणि पेटीच्या आत नळ ठिबकतोय, टप, टप. आम्हाला ऐकू येतंय! मास्तर म्हणाले, शिष्टमंडळ न्यायची वेळ आली. नेता ठरला होता. फक्त त्याला दिसत नव्हतं.

तेवढ्यात सुंदराबाई हात धुवायला आली. हात कोपरापर्यंत लाल, डोळे कोरडे ठाक. आमच्याकडं बघितलं. "रडतास कित्याक?"

जयवंत म्हणाला, "बाई, हे सामुदायिक—" आणि पुन्हा खोकला.

ती परत गेली, मसाला कांडायचं मुसळ घेऊन आली, म्हणाली "सरा", आणि तीन घातले. पहिल्यात कुलूप वाकलं, दुसऱ्यात कोयंडा, तिसरा मला वाटतं आमच्यासाठी होता, पण बसला पेटीवर. पाणी आलं! आम्ही सातही जण तोंड धुतलं. रांगेनं, आधी जयवंत.

लगेच सभा. ठराव मंजूर: 'श्री. जयवंत यांच्या उपस्थितीत नळ मोकळा झाला, त्याबद्दल त्यांचं अभिनंदन. श्रीमती सुंदराबाई यांचं धाडस मान्य, पद्धत अमान्य. त्यांनी पुढच्या वर्गात नाव घालावं.'

सोमवारी मेहताजी आला, बरोबर हवालदार. "कुलूप कुणी फोडलं?"

आता बघ, चाळीच्या चौकात वर्ग पुरा केलेली सात माणसं. आमच्यातला एकजण जरी बोलला असता ना, की सगळ्यांनी मिळून फोडलं, तर हवालदार चाळीस खोल्यांना कुठं घेऊन जाणार होता? पण एकाचाही तोल गेला नाही. सगळ्यांची नजर जमिनीवर, सगळ्यांच्या चेहऱ्यावर विचार. मास्तर दूर बघत होते. जयवंत तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीची पाहणी करत होता.

सुंदराबाई भात ओतता ओतता म्हणाली, "मी फोडलंय. मुसळ दाखवू काय?"

नेली तिला. भोईवाडा कोर्टात उभी केली, दंड नाहीतर आठ दिवस कैद. ती म्हणाली, "पाणी माझा अडवलेला, दंड मी कित्याक भरू?" गेली आत. त्याच सकाळी आमचा प्रमाणपत्र-वाटप समारंभ असल्यामुळं कोर्टात कुणाला जाता आलं नाही. बुधाजी गेला होता. त्याच्याकडं प्रमाणपत्र नसल्यामुळं त्याला वेळ होता.

मग चाळीत मोठा पेच पडला. वर्षभर आमच्यातला जो तो तुरुंगात जायला धडपडतोय, आणि गेली कोण तर सुंदराबाई! हार घालायचा का? दोन तास चर्चा झाली. निर्णय असा, की चळवळीची कैद वेगळी, नळाची कैद वेगळी. फलकामुळं कुलूप, कुलपामुळं कैद, हे खरं, पण मध्ये मुसळ आलं. सबब हार नाही.

जयवंतचं मात्र चांगलं झालं. प्रमाणपत्राचा वरचा चळवळीचा भाग दुमडला, आणि 'सदर इसम संकटात खचत नाही' एवढी ओळ साहेबापुढं ठेवली. पहिल्या तारखेपासून तो टाइम-ऑफिसचा हेडक्लार्क. नळ चालू आहे. मेहताजी कुलूप लावायला पुन्हा आला नाही, मुसळ अजून नळाशेजारीच उभं आहे ना. तुमच्या घरी आज जे पाणी भरलं ते तिथलंच.

बुधाजी तिला भेटून आला. मी विचारलं, काय म्हणाली? चाळीबद्दल काय बोलली? तो म्हणाला, "एकच विचारलं. माझी माणसं जेवायला येतली ना?"

तर ती उद्या सकाळी दहाला सुटते. बुधाजी जातोय, पण तो पडला शेजारच्या चाळीतला. आपल्या चाळीतलं कुणीतरी पाहिजे, तिच्याकडं जेवणारं. ती दारातून बाहेर आली की समोर उभं राहून नुसतं म्हणायचं, बाई, संध्याकाळी आमचं ताट मांड. मीच गेलो असतो, पण उद्या दहाला दुसऱ्या वर्गाचं उद्घाटन आहे.

लवू, तू जाशील? चार वर्षं जेवलास तिच्या हातचं.

कुशाबा?

करी रोडला पैसे भरून ठेवलेत, होय? अच्छा.

वा! अरे वा! बघा, दोघांची नजर जमिनीवर, दोघांच्या चेहऱ्यावर विचार! तिसऱ्या आठवड्याचा धडा, तोही न शिकवता! आणि ते मागच्या बाकावरचे पाहुणे, मघापासून कान लावून ऐकतायत, दोनदा हसलेसुद्धा, आता कपात बघतायत. तुम्हीच हो. लाजू नका. फॉर्म माझ्या खिशातच असतात. नाव सांगा, वडिलांच्या नावासकट. प्रमाणपत्रावर पूर्ण लागतं.