टोस्टर आणि टोपड्याची नाडी

दहा मिनिटांत टोस्ट! त्यावर टोमॅटो, चीज, एखादं हिरवं पान. बघणाऱ्याला वाटावं, ही बाई येताजाता असलं काहीतरी करते आणि उरलेल्या वेळात जग चालवते. बाळाच्या आईचा बेत इतका साधा होता.

विमा कंपनीत आगीचे दावे तपासायचं तिचं काम. बाळंतपणाची रजा संपत आली होती आणि पुढचे काही महिने घरून काम करू द्या, असं तिनं ऑफिसातल्या मॅडमना विनवलं होतं. मॅडम म्हणाल्या, "बाळ बघायला येते. मग बोलू." बाळ बघायला म्हणजे घर बघायला, हे न कळायला ती काही कुक्कुलं बाळ नव्हती.

"बिस्किटं आहेत की डब्यात," सासरे पेपरामागून म्हणाले.

"बाबा, बिस्किटं सगळेच देतात. आणि हळू बोला, आत्ताच झोपलंय."

बाळाच्या झोपेसाठी घरात चोख बंदोबस्त होता. दारावरची बेल काढलेली. सगळे फोन मुके. बाबांना पेपराचं पान उलटायलासुद्धा गॅलरीत जावं लागे. राहता राहिला टोस्टर. पाव भाजला की तो असा खाडकन उसळायचा, की भिंतीवरची पाल खाली पडावी. तिनं त्याची दांडी खाली दाबली आणि बाळाच्या टोपड्याच्या नाडीनं गच्च बांधून टाकली. आता उसळेल कसा? पाव भाजला की ती स्वतः अलगद नाडी सोडणार होती.

तेवढ्यात बाळ कुरकुरलं. ती धावली, थोपटू लागली. बाळानं झोपेतच तिचं बोट मुठीत धरलं. ओढावं तर उठणार.

जरा वेळानं खमंग वास आला. मग नुसताच वास आला.

तिनं मोकळ्या हातानं बाबांना मेसेज धाडला, 'टोस्टर बंद करा.' फोन मुका. 'बाबा, धूर!' तोही मुकाच पोचला. ओरडावं, तर ओरडायला या घरात बंदी होती, आणि ती तिनंच घातलेली. बाबा गॅलरीत पान उलटत होते.

इकडे मॅडम दारात उभ्या. बेलच्या जागी दोन तारा लोंबताहेत, घरचा फोन कोणी उचलत नाही. फटीतून धूर दिसला तशा त्यांनी दारावर धडाधड बुक्क्या घातल्या. बाबांनी धावत येऊन दार उघडलं. मॅडम नाकाला रुमाल लावून थेट स्वयंपाकघरात शिरल्या आणि त्यांनी प्लग उपटला.

एवढ्या गदारोळात बाळ ढिम्म. मूठ तेवढी सैल झाली.

ती खोकत बाहेर आली. टोस्टरात दोन कोळसे. ओट्यावर टोमॅटोच्या चकत्या शिस्तीत वाट बघत बसलेल्या.

मॅडमनी अर्धी जळलेली गुलाबी नाडी चिमटीत उचलली. "ही कशाला?"

"बाळ उठू नये म्हणून."

मॅडम खुर्चीत टेकल्या. "असा दावा तुझ्या टेबलावर आला असता, तर काय शेरा मारला असतास?"

रात्रंदिवस काळजी करकरून अर्धी झालेली ती बाई जमिनीकडे बघत पुटपुटली, "ग्राहकाचा निष्काळजीपणा."

"सोमवारपासून ऑफिसला ये. तुला घरी ठेवणं जोखमीचं आहे."

बाबांनी बिस्किटांचा डबा पुढे केला. मॅडमनी एक बिस्कीट घेऊन चावलं. कुर्रकन बारीकसा आवाज झाला.

आत बाळानं टाहो फोडला.