जोगळेकर सर आणि चमचा

आधी माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेबाहेर आजवर काही लिहिलेलं नाही. त्यात जोगळेकर सरांवर लिहायचं म्हणजे धाडसच. एका मुलावरच्या माझ्या पहिल्याच टिपणातला ‘बिचारा’ हा शब्द त्यांनी खोडला होता. म्हणाले, “हे मुलाचं वर्णन नाही, आपलं आहे.” तेव्हा जपून लिहितो.

सर चहालासुद्धा आकडा देतात. मी पहिल्यांदा चहा नेऊन दिला, तेव्हा एक घोट घेऊन म्हणाले, “अडचण दोन.” मी घाबरून कप उचलायला लागलो. “राहू द्या. दोन म्हणजे मध्यम. पिता येतो.”

कसबा पेठेतलं आमचं केंद्र अपंग मुलांसाठी आहे. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात अशा ठिकाणी काम करावं लागतं, म्हणून मी तिथे गेलो. सर निवृत्त थेरपिस्ट. मुलाला काय जमतं, काय अडतं ते तपासून ते प्रत्येक गोष्टीला आकडा देतात. शून्य म्हणजे अडचण नाही, चार म्हणजे पूर्ण अडचण. हीच मोजपट्टी ते जगालाही लावतात. जिना तीन. बोळातली आडवी स्कूटर चार. एकदा तर स्वतः व्हीलचेअरवर बसून बोळात गेले आणि स्कूटरवाल्याला म्हणाले, “आपल्यामुळे मी अपंग झालो आहे. जरा बरं करता का?”

मुलांच्या आयांशी त्यांचं बोलणंही ठरलेलं.

“सर, हा काहीच करत नाही हो.”

“झोपतो का?”

“झोपतो की.”

“मग काहीच कसं? आपल्याला तरी जमतं का दुपारी झोपायला?”

आई हसते. मग सर मुद्द्यावर येतात. “मूल कसं आहे ते सांगू नका. काय करतं ते सांगा, आणि कुठे करतं ते सांगा.” या ‘कुठे’वर त्यांचा फार जोर. आमच्या टेबलाशी जे जमतं ते घरी जमेलच असं नाही, आणि उलटही, हे ते मला रोज ऐकवत.

उन्हाळ्याच्या सुट्टीत लोणी काळभोरहून सई आली. आठ वर्षांची, हातपाय जन्मापासून ताठ. गावातल्या शाळेत नाव घालायचं होतं आणि मुख्याध्यापिकांनी आधी केंद्राचा अहवाल मागितला होता. सरांनी तिच्यापुढे दहीभात आणि चमचा ठेवला. चमचा पडत राहिला. सर म्हणाले, “स्वतः जेवणे, चार.” मी लिहिलं.

शाळेने नेमकं तेवढंच वाचलं. सईच्या आई सुनंदाताई फोनवर म्हणाल्या, “बाई म्हणत्यात, भरवायला माणूस न्हाय आमच्याकडं. घरीच ठेवा.”

सर शाळेवर भडकले. भांडायला म्हणून मला घेऊन बसने निघाले. वाटेत आधी सईच्या घरी गेलो. जेवणं चालली होती. सई भिंतीला पाठ टेकून बसली होती, बाजूला उशी लावलेली. मुठीत भाकरीचा तुकडा धरून ती पिठल्यात बुडवत होती. सांडत होतं, वेळ लागत होता, पण घास तोंडातच जात होता.

सर दारातच थांबले. “ताई, हे केंद्रात का नाही सांगितलंत?”

“तुमी चमच्याचं इचारलं. आमच्यात चमचा साखरंच्या डब्यात असतोय.”

सरांचे कान लाल झाले. माझेही झाले असावेत. चमचा मीसुद्धा पुण्यात मेसमध्येच धरायला शिकलोय.

“‘कुठे’ ते मीच विचारलं नाही,” सर म्हणाले. गुडघे दुखतात, तरी सईसमोर मांडी घालून बसले. “सई, मी चुकलो.”

तिने आधी घास संपवला. मग एकेक अक्षर जोडत म्हणाली, “जे-वा.”

ताईंनी ताट वाढलं. सर तिच्याच गतीने जेवले. शेवटी वाटीकडे बघत म्हणाले, “आमची ही गेल्यापासून समोर कुणी बसलेलं असताना जेवलो नव्हतो.”

भांडण राहिलंच. शाळेत प्रवेशाच्या कामाला बसलेल्या मुख्याध्यापिकांपुढे ते हात जोडून उभे राहिले. “चूक माझी आहे, मुलीची नाही. दुरुस्त करून देतो.” बाई म्हणाल्या, “बघू.”

दुरुस्त अहवाल गेला, शाळा सुरू झाली, तरी ‘बघू’च्या पुढे काही येईना. सर चहा आला तसा पिऊ लागले. आयांना हसवणं थांबलं. माझा फोन वाजला की बघत. मी मान हलवली की चष्मा पुसत.

“सर, चूक सगळ्यांकडून होते,” मी एकदा धीर करून म्हणालो.

“होते. शाळा मात्र तिचीच बुडते.”

परवा सुनंदाताईंनी आवाजी निरोप पाठवला. केंद्रात मुलांचा कल्ला चालू होता, म्हणून मी फोन सरांच्या कानाशीच धरला.

“सर, सईला घेतलं शाळंत. डबा आपल्या हातानं खाल्ला. उद्यापासनं दोन भाकरी दे म्हणती, शेजारची पोर तिच्यातलीच मागती.”