‘अडलं?’ नावाचं बटन

गेल्या तान्ह्या पोळ्याला, भर दुपारी, पोरं लाकडी नंदी सजवून देवळाकडे निघाली होती नेमकी तेव्हा, ब्रह्मपुरीच्या वामनभाऊ नाकतोडे यांच्यावर उघड अन्याय झाला. काळीपिवळी जीपवाल्यांच्या संघटनेनं आपल्या वेबसाईटवरून एक बटन काढून टाकलं. बटनावर लिहिलं होतं, ‘अडलं?’

हसायचं असेल तर हसून घ्या, मी थांबते. मी पत्रकं काढणारी बाई आहे. रस्त्यासाठी काढली, वनहक्कासाठी काढली, दवाखान्यात डॉक्टर बसावा म्हणून काढली. एका बटनासाठी काढायची वेळ येईल असं मलाही वाटलं नव्हतं. पण अन्याय हा अन्याय असतो, मग तो हिरव्या रंगाचा आणि बोटाएवढा का असेना.

आधी माणूस समजून घ्या. बस स्टँडच्या मागच्या गल्लीत वामनभाऊंचं दुकान आहे. पाटीवर एकच शब्द, ‘वेबसाईट’. ते लोकांच्या वेबसाईट बनवून देतात आणि स्वतःची एक चालवतात. तिच्यावर दुनियेभरच्या वेबसाईट माणसाला कुठे कुठे अडवतात ते लिहितात. जाहिरात नाही, फोटो नाही, अक्षरं दुकानाच्या पाटीएवढी. एका बँकेच्या साईटवर त्यांनी लिहिलेला संपूर्ण लेख असा आहे: ‘आत गेलो. बाहेर पडायचं बटन सापडलं नाही. अजून आतच आहे.’

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले ते भर मे महिन्यात. आमच्याकडचा मे काय असतो ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही. दुकानात पंखा होता, बंद होता, आणि भिंतीवर बटनांची रांग होती.

“भाऊ, पंख्याचं कोणतं?”

वामनभाऊ हाताची घडी घालून खुर्चीत मागे रेलले. “सांगत नाई. पाहून राह्यलो.”

मी एक बटन दाबलं, दिवा लागला. दुसरं दाबलं, बाहेर बेल वाजली आणि शेजारचा टेलर काय झालं म्हणून डोकावून गेला. तिसऱ्यानं काहीच झालं नाही. माझ्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि हा माणूस माझ्या बोटाकडे बगळ्यासारखा बघत होता. शेवटी पंखा फिरला तेव्हा ते उठले आणि अगदी मायेनं म्हणाले, “तू चुकली नाई वं पोरी. बटन चुकलं.”

दुसऱ्या दिवशी त्या बटनाच्या वर रंगानं छोटं पंख्याचं पातं काढलेलं होतं.

हाच त्यांचा धर्म. मानूस चुकत नाई, बटन चुकते. आणि माणूस नेमका कुठे अडतो हे कळायचं असेल तर त्याला मदत करायची नाही, तोंड मिटून पाहायचं. गल्लीतले एक मास्तर एकदा स्कूटरसकट नालीत गेले. लोक हसले, काही धावले. वामनभाऊ मात्र हाताची घडी घालून मास्तर कोणत्या बाजूनं वर येतात ते पाहत राहिले. मास्तर चिखल निथळत वर आल्यावर म्हणाले, “गुरुजी, मनाले लावून घेऊ नका. नालीनं आधी सांगाले पायजे होतं.” मास्तरांनी तेव्हापासून गल्ली बदलली.

मुलीचं लग्न निघालं तेव्हा लग्नपत्रिका पाहून त्यांचं डोकं फिरलं. “वर सारे देव, मंग आजे-पणजे, मंग मामा, मंग काका, मंग किलबिल. अन् मंडप कुठी हाय ते खाली, मुंगीच्या अक्षरात. हे काय पत्रिका होय? पाहुना आजोबापर्यंत येऊन थकून जाते.” त्यांनी स्वतः पत्रिका काढली. वर मोठ्या अक्षरात ‘लग्न’. खाली वार, वेळ, मंडप. मागच्या बाजूला नकाशा, मंडपावर बाण. बस. कोणाचंच नाव नाही. नवरीचंही नाही. परिणाम असा झाला की सगळे पाहुणे बरोबर वेळेवर पोचले. आचारी आले नव्हते, नवरदेव आला नव्हता, मांडवात खुर्च्याही लागायच्या होत्या, आणि पाहुणे हजर. त्यांत कोणाच्याच ओळखीचं नसलेलं एक कुटुंब होतं. नकाशा सोपा वाटला म्हणून आलो म्हणाले. मोठे साळे पत्रिकेवर नाव नाही म्हणून रुसले ते अजून बोलत नाहीत. त्यावर वामनभाऊंचं म्हणणं, “पन वेळेवर आले ना.”

तर हे वामनभाऊ. आता जीपचं ऐका.

काळीपिवळी जीपला वेळापत्रक नसतं हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. जीप भरली की सुटते. तरी संघटनेला वेबसाईट हवी झाली आणि अध्यक्ष म्हणाले, गाड्यांचे टाइम टाका. वामनभाऊ म्हणाले, “टाइम कोनाले पायजे? जीप भरली का, ते पायजे.” आणि त्यांनी तेच केलं. साईट उघडली की गावाचं नाव, आणि पुढे तीनपैकी एक गोष्ट: ‘खाली हाय’, ‘भरून राह्यली’, ‘सुटली’. स्टँडवर ओरडणारा माणूस आपल्या फोनवरून ते बदलायचा. बाया घरी निवांत चहा पिऊन ‘भरून राह्यली’ दिसलं की निघायच्या. पानाच्या तळाशी हिरवं बटन, ‘अडलं?’ दाबलं की थेट वामनभाऊंचा फोन वाजणार. तो वाजला नाही. अडायला तिथे काही नव्हतंच.

मग अध्यक्ष बदलले. नव्या अध्यक्षांना ती साईट गावंढळ वाटली. नागपुरातल्या कोणाकडून दुसरी करवून घेतली. ती उघडली की हॉर्न वाजतो आणि डावीकडून उजवीकडे जीप जाते. मग अध्यक्षांचा हार घातलेला फोटो येतो, तो सरकला की अध्यक्षांचा बिनाहाराचा फोटो येतो. ‘भरून राह्यली’च्या जागी आलं ‘आसनक्षमता स्थिती’, आणि ती बघायची तर आधी आपण यंत्र नसून माणूस आहोत हे सिद्ध करावं लागतं. वामनभाऊंना कोणी विचारलं नाही, आभार मानले नाहीत, साधा नारळही दिला नाही. पण नागपूरच्या माणसानं जुन्या साईटचा तळ जसाच्या तसा उचलून नव्या साईटला चिकटवला. बटनासकट. नंबरासकट.

वामनभाऊंचा फोन वाजायला लागला.

मी त्या दिवशी दुकानात होते. फोन पोंभुर्ण्याच्या बाजूच्या एका म्हाताऱ्याचा, आवाज रस्त्यापर्यंत येत होता. “भाऊ, हे मले मानूस हाय का म्हनून विचारून राह्यलं.”

“मंग तुम्ही काय सांगतलं?”

“हाव म्हनलं. तं म्हनते, सिग्नल दाखव. इथी कुठी सिग्नल? मी इथचा सरपंच होतो, मले म्हाईत.”

वामनभाऊंनी त्यांना चित्रातले सिग्नल शोधायला लावले. एकेक. घाई नाही. शेवटी जीप सुटून गेल्याचं निघालं.

मी पेटले. एका माणसाचं काम फेकायचं, आणि वर आपल्या घाणीची उस्तवार त्याच्याच गळ्यात मारायची, तीही फुकट. त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहून आणलं. ‘फुकटची राबवणूक बंद करा! वामन नाकतोडे यांचे बटन तात्काळ हटवा!’

वामनभाऊंनी ते वाचलं नाही. स्टँडवर नेऊन एका बाईच्या हातात दिलं आणि लांब उभे राहून पाहत राहिले. परत येऊन म्हणाले, “बाईनं उलटं करून पाह्यलं. मांग काऊन पाह्यलं? पुढं तू नुसत्या शिव्या लिहल्या.”

मी शिव्या कमी केल्या. “आता मागनी लय खाली गेली. तिथपर्यंत वाचेस्तोवर जीप येते.” मी मागणी वर घेतली. “अक्षर लहान.” अक्षर मोठं केलं. पुढच्या खेपेला तर म्हणाले, “‘हटवा’ म्हनजे काय ते लोकाईले समजत नाई.”

‘हटवा’ समजत नाही? मी लहानपणापासून या जिल्ह्याच्या भिंतींवर दुसरा शब्द वाचलेला नाही. तिथेच मला कळायला हवं होतं. पण मला राग आला की ऐकू कमी येतं.

फोन येतच राहिले, आणि मी पत्रक सुधारत तिथे बसलेली असे. हळूहळू माझ्या लक्षात आलं की हा माणूस फोनवर बदलतो. आयुष्यभर ‘सांगत नाई, पाहून राह्यलो’ म्हणणारा माणूस चक्क सांगत होता. आणि जीप सापडल्यावरही फोन ठेवत नव्हता. “सापडली का? चांगलं झालं. मंग धान रोवून झालं का तुमच्याकडं? अन् तो वाघ? अजून बांधावर येते? नातीचं जमलं का?” समोरच्यानं ठेवतो म्हटलं की म्हणायचे, “थांबा ना, अजून काई अडलं का पाहा.”

मग तान्हा पोळा आला. अध्यक्षांच्या घरच्याच कोणाच्या तरी डोळ्यांत ते बटन खुपलं, साईट आपली आणि नंबर दुसऱ्याचा म्हणून, आणि पोरं नंदी घेऊन निघाली असताना ते गेलं. माझं पत्रक अजून छापायचंच होतं. जे मी मागत होते ते मला न मागता मिळालं, आणि मी विजयाची बातमी घेऊन दुकानात गेले.

वामनभाऊ फोन समोर ठेवून बसले होते.

“पोरी, तुझ्या फोनवरून एक रिंग दे वं. हा बिघडला का पाहू.”

मी रिंग दिली. फोन वाजला. त्यांनी तो लगेच बंद केला नाही, थोडा वाजू दिला. “चालू हाय,” म्हणाले. “म्हनजे लोकं अडून नाई राह्यले. चांगलं हाय.”

लोक अडतच होते. स्टँडवर मी स्वतः पाहिले होते, सिग्नल शोधत उभे. मी सांगितलं नाही. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “मंजूताईचा फोन येते का?” मंजू म्हणजे त्यांची मुलगी, लग्न होऊन पुण्याला असते.

“आधी लय यायचा. गॅसचा नंबर लावाचा तं फोन, बिल भराचं तं फोन. ‘बाबा, अडलं’ म्हने. तेच नाव मी बटनाले देल्लं.” त्यांनी फोन पालथा घातला. “मंग दिवाळीले आली तवा तिच्या फोनात सारं सोपं करून देल्लं मी. एका बोटात होते आता. तिले काऊन अडन?”

पंखा फिरत होता. बाहेरून नंदीच्या चाकांचा खडखड आवाज येत होता.

“मांगच्या खेपेले आली तं एकदा मनात आलं, तिच्या फोनातलं गॅसचं बटन थोडंसं इकडचं तिकडं करून द्यावं.”

“मग?”

“कसं करन वं? तिले वाटलं असतं का आपनच चुकली.”

म्हणून हे पत्रक. शिव्या नाहीत, अक्षर मोठं आहे, आणि संघटनेकडे माझं काही मागणं नाही. त्यांची जीप त्यांना लखलाभ. मागणी तुमच्याकडे आहे.

वामनभाऊंची स्वतःची साईट अजून चालू आहे. उघडा. खालपर्यंत जा. तसंच हिरवं बटन तिथेही आहे, सापडणार नाही असं होणारच नाही. तिथे कोणी अडत नाही, सगळा घोळ तोच आहे. तरी दाबा. ते उचलतील. म्हणा, “भाऊ, अडलं.” ते विचारतील, कुठी? काहीही सांगा. आणि एवढं करा, लगेच सापडलं म्हणू नका.