किसनअण्णांची कॅबर्ने

किसनअण्णांच्या घरी पाहुण्याला आधी पाणी मिळत नाही. आधी मिळतो स्टीलचा पेला, त्यात तळाला दोन बोटं जांभळं काहीतरी, आणि हुकूम: "प्यायची नाय. आधी फिरवायची."

पाहुणा बिचारा पेला फिरवतो. "लस्सी नाय ती, पावणं. सावकाश. श्वास घेऊंद्या तिला." मग पाहुणा घोट घेतो, त्याचा एक डोळा आपोआप मिटतो, आणि अण्णा समाधानानं मान हलवतात. "अजून झोपलीय. उठली की बघा."

अण्णांची ही घरगुती कॅबर्ने वाइन गेली सात-आठ वर्षं झोपलेलीच आहे.

माझं कळंबला खतं-औषधांचं दुकान आहे. आम्ही जैन, त्यामुळे या छळातून आपली जन्मानंच सुटका झाली असं मला वाटायचं. पण अण्णांनी तोडगा काढला. "शेठ, धर्म जिभेला. नाकाला कुठं हाय?" तेव्हापासून मी वास घेतो. खरं सांगायचं तर ओल्या गोणपाटाचा येतो. अण्णांना मात्र त्यात जांभूळ, लाकडाची वखार आणि चामडं असं सगळं सापडतं. चामडं ऐकल्यापासून मी पेला हातभर लांब धरतो.

आमच्या भागात बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण. द्राक्षावर मारतात. एकदा भर दुकानात अण्णा एका गिऱ्हाइकावर खेकसले, "बोर्डो म्हंजी नुसतं औषध नाय, गाव हाय ते! फ्रान्समंदी. आपल्या कॅबर्नेचं माहेर." तो माणूस आळे गावाहून आला होता आणि त्याला फक्त दोन किलो मोरचूद हवं होतं. त्याला कॅबर्नेची सगळी कुळकथा ऐकावी लागली. द्राक्षाची एक काळी जात, एक पांढरी, शेजारशेजारच्या बागांतल्या. "कुणी जुळवलं नाय, कुणाला इचारलं नाय. आपलं आपण जमलं. आन् पोर बघा कसं निघालं! सगळ्या जगानं डोक्यावर घेतलं." हे सांगताना त्यांचा आवाज दर वेळी खाली येतो. गिऱ्हाईक तेवढ्यात निसटलं.

या वाइनचा फायदा घरात एकट्या अण्णांच्या बायकोला, मालनवहिनींना. "तांब्याचा हंडा बघा शेठ, कसा लखलखतोय. घासायला चिंच लागत न्हाई आता."

आता खरं सांगतो. अण्णांकडे कॅबर्ने नाहीच.

आपल्याकडे द्राक्षाचं रोप थेट लावत नाहीत. आधी जंगली खुंट लावायचा, त्याची मुळं दणकट, मग सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यावर हव्या त्या जातीची काडी बांधायची. वरचं कलम मेलं की खालून जंगली फूट येते. कॅबर्नेचं पान कातरलेलं असतं. अण्णांच्या बागेत कॅबर्नेची म्हणून जी एक ओळ आहे, तिच्यातलं पान अखंड, गुळगुळीत, चकचकीत. शेंबडं पोरही ओळखेल. अख्ख्या गावानं ओळखलंय आणि अख्खं गाव गप्प आहे. तीस वर्षं जम्बो द्राक्ष पिकवलेल्या माणसाला पान कळत नाही, हे मलाही कसं पटलं कोण जाणे. दुसऱ्याचं वेड आपल्याला पटकन पटतं.

गेल्या ऑक्टोबरात मात्र मी ठरवूनच गेलो. म्हटलं, म्हाताऱ्याची किती थट्टा होऊ द्यायची? ओळीशी गेलो आणि खाली वाकून बघितलं. प्रत्येक खुंटाला खालून दोन नव्या काड्या, सरळ, बांबूला बांधलेल्या, खालची पानं काढून साफ केलेल्या. ही कलम बांधायची तयारी. आपली ओळ कॅबर्नेचीच आहे असं ज्याला वाटतं, तो हे करत नाही.

"अण्णा, तुम्हाला ठाऊक आहे?"

"ह्या वळीच्या पाण्याचा कॉक मीच बंद केला व्हता," ते म्हणाले. "पुरा उन्हाळा."

ओळ शुभांगीची होती. अण्णांची एकुलती मुलगी, शेतीची पदवी घेतलेली. नाशिकहून ओल्या फडक्यात काड्या गुंडाळून तिनं आणल्या, एकूण एक कलम स्वतः बांधलं. पुढच्या वर्षी तिथल्याच वाइनरीतल्या मुलाशी तिनं जातीबाहेर लग्न केलं. अण्णांनी तिला उंबरा बंद केला, आणि तेवढ्यानं भागेना म्हणून ओळीचं ठिबक बंद केलं. कलमं वाळून गेली. पावसात खालून जंगली खुंट फुटला. तेव्हापासून दर ऑक्टोबरात ते काड्या तयार करतात, वाट बघतात, आणि हंगाम सरला की सोडून देतात.

"मी माणूस पाठवतो. दोन तासांत ओळ बांधून होईल."

"न्हाई. तिनं बांधायची."

"बोलावलंत तिला?"

"कंच्या तोंडानं?"

मी वहिनींकडून नंबर घेतला आणि दुकानातून फोन लावला. सगळं सांगितलं. शुभांगीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, काड्या किती जाड झाल्यात?"

"पेन्सिलीएवढ्या."

"मग आठ दिवसांच्या वर थांबू नका, राठ होतील, कलम धरणार नाही. कोणाकडूनही बांधून घ्या म्हणावं." आणि तिनं फोन ठेवला.

मी खोटं बोलायचं ठरवून अण्णांकडे गेलो होतो. जमलं नाही.

"जाडी इचारली?" अण्णा म्हणाले.

"हो."

"आपणहून?"

"हो, अण्णा. पण ती म्हणाली, कोणाकडूनही..."

"आठ दिवस म्हनली ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर उघडलं तर समोरच्या एसटी थांब्यावर अण्णा उभे. धुतलेलं धोतर, टोपी. नाशिककडून गाडी आली, माणसं उतरली, गाडी गेली. असे आठ दिवस. आठव्या दिवशी मी रस्ता ओलांडून चहा घेऊन गेलो. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला त्यांचा संतापही आला होता. एक फोन करायला काय झालं होतं या माणसाला?

अण्णांनी चहा घेतला नाही. खिशातून कलमाचा चाकू काढला, फडक्यात गुंडाळलेला, ताजी धार लावलेला. "तिचा हाय," ते म्हणाले. "तुमच्याकडं ऱ्हाऊंद्या. उतरली तर पयलं तुमचंच दुकान लागंल."

काड्या राठ झाल्या. अण्णा पुन्हा थांब्यावर आले नाहीत. चाकू माझ्या गल्ल्यात आहे, आणि नाशिकची गाडी आली की मी हातातलं गिऱ्हाईक सोडून बाहेर येतो.