कललेलं प्रतल आणि दोन बिजागऱ्या

ऑफिसात त्याला सगळे कोनमापक म्हणत. बशीत कप तिरका ठेवलेला दिसला, की तो किती अंशांनी तिरका आहे हे सांगितल्याशिवाय या गृहस्थाला चहा गोड लागत नसे! दारं-खिडक्या बनवणाऱ्या त्या कंपनीत तो बावीस वर्षं ड्रॉइंग काढत होता, आणि बावीसही वर्षं एकाच खिडकीपाशी बसून. खिडकी भिंतभर होती. एकच अखंड काच, डावीकडचा वरचा कोपरा तेवढा पाण्याच्या पाइपासाठी तिरका कापलेला. दिवसभर असा स्वच्छ उजेड यायचा, की दिवा म्हणून लावावा लागत नसे. त्या खिडकीवर त्याचा अतोनात जीव होता.

आणि नेमक्या त्याच खिडकीवर नव्या साहेबांचा डोळा गेला.

साहेब गोल्फवेडे होते. जेवणाच्या सुट्टीत खिडकीसमोरच्या हिरवळीवर उभे राहून ते काठी फिरवत, चेंडू मात्र बहुतेक वेळा जागचा हलत नसे. सोमवारी सकाळी ते आत आले आणि म्हणाले, "बाहेर फार ऊन लागतं. या खोलीत मी सरावाची जागा करतोय. ड्रॉइंगवाल्यांनी पुढच्या सोमवारी तळघरात जायचं."

तळघर! जिथे दुपारी बारा वाजता स्वतःचा हात शोधावा लागे! कोनमापकाच्या पायाखालची जमीनच सरकली. आणि माणूस घाबरला की एकतर गप्प बसतो, नाहीतर नको ते बोलतो. कोनमापक गप्प बसणाऱ्यांतला नव्हता.

"साहेब, गोल्फला सरावाची गरजच काय? ती निव्वळ भूमिती आहे! एक कललेलं प्रतल आणि दोन बिजागऱ्या!"

"बिजागऱ्या?"

"एक खांद्याची, एक मनगटाची. आधी खांद्याची फिरली पाहिजे, मनगटाची शेवटपर्यंत मिटलेली. ऐन वेळी ती उघडली की चेंडू बंदुकीच्या गोळीसारखा जातो!"

साहेबांनी त्याला नीट न्याहाळलं. "तुम्ही खेळता?"

इथे 'नाही' म्हणायचं होतं. "समजून घेतलंय," कोनमापक म्हणाला.

"मग झालं तर! रविवारी पंप कंपनीच्या साहेबांशी माझी जोडीची मॅच आहे. माझ्या जोडीदाराची पाठ धरलीय. तुम्ही या. जिंकलो तर खिडकी तुमची!"

आली का पंचाईत! कोनमापकाने आयुष्यात गोल्फची काठी हातात धरली नव्हती. पण बिजागऱ्यांवर त्याचा गाढ विश्वास होता. दुपारी साहेब हिरवळीवर आले, तसा त्याने खिडकीच्या काचेवर ट्रेसिंग पेपर चिकटवला आणि साहेबांवरून पेन्सिल फिरवायला सुरुवात केली. चार दिवसांत साहेबांच्या पाच अवस्था कागदावर उतरल्या. काठी खाली, काठी मागे, काठी डोक्यावर, काठी चेंडूपाशी आणि शेवटी काठी गळ्यात. साहेब चुकत होते तिथे त्याने त्यांना भूमितीने दुरुस्त करून घेतलं. आकडे आणि अक्षरं तेवढी राहिली. ती तो नेहमी सगळ्यात शेवटी घालत असे.

गुरुवारी संध्याकाळी कागदाची गुंडाळी घरी आली आणि बैठकीच्या खोलीत भिंतीवर टाचली गेली. कोनमापकाने सुबक अक्षरांत कोन लिहिले, बाण काढले, 'मान: केंद्रबिंदू, हलू नये' अशी सूचना घातली. मग फरशी पुसायचा लांब दांडा घेऊन तो चित्रासमोर उभा राहिला.

बायको मशीनवर बसून कुणाच्या तरी झग्याच्या बाह्या शिवत होती. शिवणकामात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं.

"अहो, हे काय आरंभलंय?"

"कंपास बघितलायस ना? त्याचं टोक हललं की वर्तुळ गेलं! माझी मान म्हणजे ते टोक. आणि चेंडूपासून खांद्यापर्यंत एक तिरपी काच आहे असं समज. काठी त्या काचेवरूनच घसरत गेली पाहिजे."

"काच कुठेय?"

"समज म्हटलं ना!"

सप्पकन् दांडा फिरला. मान हलली नाही, प्रतल चुकलं नाही, फक्त छताजवळची ट्यूबलाइट खाली आली.

काचा गोळा करता करता बायकोचं लक्ष भिंतीकडे गेलं. ती जवळ गेली, कागदाचा कोपरा दोन बोटांत धरून पाहिला. "अहो, हा कागद उलटा लागलाय का? पेन्सिल मागच्या बाजूला आहे. तुमची अक्षरं तेवढी पुढे."

"ट्रेसिंग पेपर आहे तो. दोन्हीकडून सारखाच दिसतो."

"सारखा कसा दिसेल? बाहीचा कागद उलटा ठेवून कापला तर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतात!"

"हे कापड नाही," कोनमापक गंभीरपणे म्हणाला. "हे शास्त्र आहे!"

बायकोने दोऱ्याचं टोक दातांनी तोडलं, ते मात्र जरा जोरातच.

शुक्रवार, शनिवार त्याने दांडा फिरवून फिरवून घोटला. फरशी पुसायच्या दांड्याला ना पुढची बाजू ना मागची. तो बिचारा काय सांगणार! शनिवारी रात्रीपर्यंत कोनमापकाची हालचाल इतकी बिनचूक झाली होती, की बायकोसुद्धा म्हणाली, "दिसतं तर छान आहे हो."

रविवार उजाडला. मैदानावर पंप कंपनीचे साहेब होते, त्यांचे जोडीदार एक दातांचे डॉक्टर होते आणि छत्रीखाली चहाचं टेबल होतं. पहिला फटका कोनमापकाला मिळाला. काठ्यांची बॅग सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याने एक काठी त्याच्या हातात दिली आणि तो उभा राहताच दचकून म्हणाला, "साहेब, डावखुरे आहात का? या सगळ्या उजव्या हाताच्या काठ्या आहेत."

"शास्त्राला डावं-उजवं नसतं, काका!"

"तसं नाही साहेब, तुम्ही चेंडूच्या पलीकडच्या बाजूला..."

पण बिजागरी सुटली होती! खांदा फिरला, मनगट मिटलेलं राहिलं आणि अगदी ऐन वेळी उघडलं. पाहणाऱ्यांनी श्वास रोखला. काठीचा मागचा फुगीर भाग चेंडूच्या कुशीत बसला, चेंडू काटकोनात वळला आणि चहाच्या टेबलावरच्या थर्मासला जाऊन भिडला. दातांच्या डॉक्टरांची पांढरी पँट गुडघ्यापर्यंत चहाची झाली.

"नव्वद अंश," कोनमापक पुटपुटला. सवय!

मग साहेब आपला फटका मारायला उभे राहिले, आणि कोनमापकाला आपण कसे उभे होतो ते आठवलं. साहेबांचं तोंड एकीकडे, त्याचं दुसरीकडे. आरशात बघावं तसे दोघं समोरासमोर! बाही उलटी निघाली होती.

आता पाठांतर मोडून नव्याने शिकायला वेळ कुठे होता? उजवीकडून मारायला जावं तर काठी चेंडूच्या वरून जाई, डावीकडून मारावं तर माणसांच्या अंगावर. मॅच इतक्या लवकर संपली, की पंप कंपनीच्या साहेबांनी उरलेला वेळ सहानुभूती दाखवण्यात घालवला. साहेब परतताना एवढंच म्हणाले, "उद्या टेबलं खाली न्या."

घरी बायकोने हसू दाबत कागद भिंतीवरून काढला आणि उलटून टाचला. चित्रातले साहेब ताबडतोब सरळ झाले. कोनमापक त्यांच्याकडे नुसता बघत बसला. त्याला खरंच रडू येत होतं. बावीस वर्षांचा उजेड गेला होता, आणि तोही एका टाचणीपायी! बायकोने ते ओळखलं आणि बाहीचा विषय पुन्हा काढला नाही.

सोमवारी टेबलं हलायला लागली. तेवढ्यात काठी आणि चेंडू घेऊन साहेब आले. कोनमापकाच्या बगलेत गुंडाळी होती.

"बघू तरी तुमचं शास्त्र," म्हणत त्यांनी ती ओढून घेतली, अक्षरं वाचता येतील अशी धरली आणि उजेडासाठी खिडकीच्या काचेवर चिकटवली.

"साहेब, तो उलटा आहे, थांबा, मी..."

"हात लावू नका!" साहेब कागदाला नाक लावून उभे होते. त्यांच्या डाव्या हातात काठी होती. सही ते डाव्या हाताने करत, चहा डाव्या हाताने पीत, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. "मी जन्माचा डावखुरा. पण घरात वडिलांच्या उजव्या काठ्या होत्या, म्हणून तसाच शिकलो. हे असं कुणी मला दाखवलंच नाही!"

त्यांनी हातातली उजवी काठी फिरवून तिच्या पात्याचं टोक जमिनीकडे केलं, चेंडूच्या पलीकडे जाऊन उभे राहिले, चित्राकडे एकदा पाहिलं आणि काठी उचलली.

मान हलली नाही. प्रतल चुकलं नाही. मनगट ऐन वेळी उघडलं.

खळ्ळ्!

चेंडू चित्रातल्या साहेबांच्या पोटातून गेला, काचेतून गेला आणि हिरवळ ओलांडून पार फाटकाबाहेर गेला. अखंड काच क्षणभर उभी राहिली आणि मग सगळी खाली बसली.

"गेला!" साहेब लहान मुलासारखे उड्या मारत होते. "पाहिलंत? गेला! अहो, या खोलीत कसला सराव करायचा, मला मैदानच पाहिजे! घ्या तुमची खिडकी!"

टेबलं पुन्हा वर आली. खिडकी मिळाली, उजेड तेवढा मिळाला नाही! एवढ्या मापाची काच बनायला तीन महिने लागणार होते, तोवर चौकटीवर प्लायवूड ठोकलं गेलं. खिडकीपाशी बसून कोनमापक दिवसाढवळ्या टेबललॅम्पच्या उजेडात ड्रॉइंग काढू लागला. पहिलं ड्रॉइंग अर्थातच नव्या काचेचं होतं. चौकटीवर ट्रेसिंग पेपर लावून त्याने ते स्वतःच्या हाताने उतरवून घेतलं, आकडे शेवटी घातले आणि कारखान्यात पाठवून दिलं.

तीन महिन्यांनी काच आली. काचवाल्याने ती चौकटीशी नेली आणि तो थांबला. तिरका कापलेला कोपरा उजवीकडे होता. पाइप होता डावीकडे.

कोनमापकाला आपले शेवटी घातलेले आकडे आठवले.

काचवाल्याने काचेकडे पाहिलं, पाइपाकडे पाहिलं, मग काच फिरवून पाठीची बाजू पुढे केली आणि चौकटीत ठेवली. फिट्ट बसली!

काचेला सुलट-उलट नसतं म्हणून निभावलं. ही काचेची गोष्ट त्याने घरी मात्र अजून सांगितलेली नाही.